मागचे इंजिन किती ढकलते?

पळसदरीच्या फलाटावर थोडा वेळ उभे राहिले की पुण्याकडे जाणारी एखादी लांबलचक गाडी कर्जतहून येते आणि न थांबता घाटाकडे निघून जाते. पुढे तिचे नेहमीचे इंजिन असते. शेवटचा डबा गेला असे वाटते तोच त्याच्या मागे आणखी दोन-तीन इंजिने गाडीला रेटत जाताना दिसतात. रेल्वेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती कर्जतला जोडतात आणि लोणावळ्याला सोडतात. बोरघाटात काही ठिकाणी दर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून तो गाड्यांना जड जात आला आहे.

गाडी लोणावळ्याला पोचल्यावर कोणी विचारले, की हिला वर कोणी आणले, पुढच्या इंजिनाने की मागच्यांनी, तर काय सांगाल? गाडीकडे बघून काहीच कळत नाही. ती पोचली, एवढेच दिसते.

महागड्या शाळेची पारख करताना आईबाप नेमके या कोड्यात सापडतात. मुलाच्या शिक्षणात पुढचे इंजिन म्हणजे त्याचे घर: आईवडिलांचे शिक्षण, घरातले बोलणे, पुस्तके, पुरेशी झोप, शिकवणीला देता येणारे पैसे आणि मुलाची स्वतःची ओढ. शाळा मागून ढकलते. दहावीला ९५ टक्के मिळवणाऱ्या मुलाचा फोटो शाळेच्या फलकावर लागतो, तेव्हा त्या ९५ पैकी शाळेने किती ढकलले हे त्या फोटोत नसते. आपण फी भरतो ती मात्र तेवढ्या ढकलण्याची.

पळसदरीच्या आसपास राहणाऱ्यांपुढे आज पर्याय पुष्कळ आहेत. जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे फी नाही. एक स्टेशन अलीकडे कर्जतला अभिनव ज्ञान मंदिर आहे, चौथ्या स्टेशनावर खोपोलीला जनता विद्यालय आहे. या भागातल्या कितीतरी घरांच्या दोन-दोन पिढ्या अशा मराठी शाळांतून शिकल्या. दोन्ही गावांत इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा आहेत. ऐपत असेल तर पनवेलकडे बसने जायचे, त्याहून जास्त असेल तर घाट चढून लोणावळ्याला किंवा थेट पाचगणीला वसतिगृहात ठेवायचे. शून्यापासून वर्षाला काही लाखांपर्यंतचा हा पट आहे. वरच्या टोकाला जाताना जास्तीच्या पैशात नेमके काय मिळते, हे तपासायची रीत समजून घेऊ.

महाग ते चांगले, असे का वाटते

तांदूळ घेताना आपण मूठभर हातात घेऊन बघतो. खानावळीत एकदा जेवलो आणि नाही आवडले तर पुन्हा जात नाही. शाळेचे तसे नाही. तिची चव कळायला दहा-बारा वर्षे लागतात, आणि कळल्यावर तेच मूल पुन्हा पहिलीत घालता येत नाही. जी वस्तू घेण्याआधी पारखता येत नाही आणि घेतल्यावर परत करता येत नाही, तिच्या बाबतीत माणूस बाहेरच्या खुणांवर विसंबतो. मोठी कमान, वातानुकूलित बस, पोहण्याचा तलाव, भिंतीवरचा डिजिटल फळा आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे खुद्द फी. ‘एवढी घेतात म्हणजे काहीतरी असणारच’ असे मन म्हणते.

शाळा चालवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. म्हणून पैसा आधी तिथे खर्च होतो जिथे पालकांची नजर जाते. यात लबाडीच असते असे नाही. चांगले ग्रंथालय, स्वच्छ स्वच्छतागृह, कोकणच्या पावसात चार महिने खेळता येईल असे छप्पर, या खरोखर कामाच्या गोष्टी आहेत. पण ग्रंथालय असणे आणि मुलांनी पुस्तके घरी नेणे यांत फरक आहे. पहिली गोष्ट माहितीपत्रकातल्या फोटोत येते, दुसरी पुस्तक देवघेवीच्या वहीत सापडते.

नावातही एक खूण दडलेली असते. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द शाळेच्या पाटीवर असला म्हणून अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय होत नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे आयबी हा अभ्यासक्रम १९६८ मध्ये जिनिव्हातून सुरू झाला; केंब्रिजचा वेगळा आहे. या दोन्हींना संलग्न असलेल्या शाळा थोड्या आहेत आणि त्यांची फी बहुधा सर्वांत वरची असते. ‘इंटरनॅशनल’ नाव लावलेल्या बाकी शाळांत तुम्हाला सीबीएसई मिळेल किंवा आपले राज्य मंडळच मिळेल. त्याहून सावध व्हावे असा शब्द म्हणजे ‘सीबीएसई पॅटर्न’. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. तशी पुस्तके वापरली तरी मुलाला दहावीला त्या मंडळाच्या परीक्षेला त्या शाळेतून बसता येईलच असे नाही. संलग्नता क्रमांक मागा आणि सीबीएसईच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहा. संलग्न शाळेला आपल्या संकेतस्थळावर सक्तीची जाहीर माहिती ठेवावी लागते: फी, शिक्षकांची संख्या, तीन वर्षांचे निकाल, इमारतीचा आणि अग्निसुरक्षेचा दाखला. कोणत्याही मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो; महाराष्ट्रातल्या शाळांचा तो २७ ने सुरू होतो. फॉर्मचे पैसे भरण्याआधी हे काम दहा मिनिटांत होते.

शंभर टक्के निकालाचे गणित

‘सलग दहा वर्षे शंभर टक्के निकाल’ ही पाटी कर्जत-खोपोली रस्त्यावरच काय, राज्यभर दिसते. तिचा अर्थ लावण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा. मार्च २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत राज्य मंडळाचा एकूण निकाल ९५.८१ टक्के होता. दुर्गम वाड्या, एकशिक्षकी शाळा, अर्ध्या वर्षात वीटभट्टीवर जाणारी मुले, सगळी धरून शंभरात जवळजवळ शहाण्णव. मग शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरांतूनच मुले घेणारी शाळा शंभरात शंभर पास करते यात तिने किती घाट चढवला?

शिवाय शंभर कशातले, तेही विचारावे लागते. टक्केवारी काढली जाते परीक्षेला बसलेल्यांवर. काही शाळा नववीत कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून दाखला काढायला सुचवतात. काही मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगतात. मग ते मूल शाळेच्या निकालात धरले जात नाही. म्हणून निकाल विचारू नका, हे विचारा: पाचवीत किती मुले होती आणि त्यांतली किती याच शाळेतून दहावीला बसली? पाचवीतली ६० आणि दहावीतली ४१ असे उत्तर आले, तर मधली १९ कुठे गेली ते समजून घ्यायचा तुम्हाला अधिकार आहे. गाव सोडून गेली असतील, वसतिगृहात गेली असतील, किंवा वाटेत उतरवली गेली असतील.

पुन्हा घाटाकडे येऊ. एक गाडी कर्जतहून निघाली, दुसरी खंडाळ्याहून, आणि दोन्ही लोणावळ्याला पोचल्या. कोणत्या इंजिनाने जास्त काम केले? उघड आहे. पण शाळांच्या जाहिरातीत फक्त लोणावळा असतो, निघाल्याचे स्टेशन कधीच नसते. शिक्षणाचे अभ्यासक शाळेने घातलेली भर मोजतात, म्हणजे मूल आले तेव्हा कुठे होते आणि आता कुठे आहे यांतले अंतर. या मापाने पाहिले तर ज्या शाळेत घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणारी, घरात पहिलीच शिकणारी मुले येतात आणि चौथीपर्यंत मराठीत पानभर लिहायला लागतात, तिने चढवलेला घाट मोठा असतो. तिच्या दारात फोटोंचा फलक नसतो.

आणि काही गाड्यांना बँकर लागतच नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मागे इंजिन न जोडता घाट चढते. तशी काही मुले असतात. ती कुठल्याही साध्या शाळेतून वर जातात. त्यांना आपल्याकडे ओढण्यासाठी फीमध्ये सवलत देणाऱ्या शाळाही असतात, कारण फलकावर फोटो त्यांचेच लागतात.

भाताच्या वाणावरून एक युक्ती

दोन शाळांतली खरी तुलना मग करायची कशी? उत्तर कर्जतच्या भातसंशोधन केंद्रात मिळते. कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशी वाणे निघाली. नवे वाण सरस आहे हे ठरवायचे तर ते ओलिताच्या, काळ्या मातीच्या वाफ्यात आणि जुने वाण वरकस जमिनीत लावून चालत नाही. पीक जास्त आले ते वाणामुळे की मातीमुळे, हे मग सांगताच येणार नाही. म्हणून सारख्या जमिनीचे लहान वाफे करतात आणि कोणत्या वाफ्यात कोणते वाण जायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात. चिठ्ठी पक्षपात करत नाही. चांगली-वाईट माती दोन्ही वाणांच्या वाट्याला सारखी येते. उरलेला फरक वाणाचा.

मुलांवर असा प्रयोग करता येईल का? आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ पासून तिथल्या खेड्यांत चिठ्ठीने मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्त्या दिल्या. अर्ज सगळ्यांनी केलेला, म्हणजे हौस सगळ्यांना सारखीच. नंबर लागला तो नशिबाने. चार वर्षांनी तपासले तेव्हा तेलुगू आणि गणितात खासगी शाळेत गेलेली आणि न गेलेली मुले सारखीच निघाली. हिंदीत मात्र खासगीवाली बरीच पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी शिकवलीच जात नव्हती. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात खासगी शाळांच्या बाजूचीही एक गोष्ट होती: त्यांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता आणि तेलुगू-गणिताला कमी तास देऊनही त्यांनी तेवढाच निकाल आणला होता. त्या शाळा खेड्यातल्या, कमी फीच्या होत्या हे विसरू नये.

महागड्या, नामांकित शाळांच्या जवळ जाणारा अभ्यास अमेरिकेतला आहे. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रवेश परीक्षेने भरणाऱ्या प्रसिद्ध सरकारी शाळा आहेत. तिथे एका गुणाने आत गेलेले मूल आणि एका गुणाने बाहेर राहिलेले मूल यांच्यात मुळात काहीच अंतर नसते. हेही चिठ्ठीसारखेच झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांच्या पुढच्या परीक्षांतल्या गुणांत जवळजवळ काही फरक पडलेला दिसला नाही. त्या शाळांचे नाव होते त्यांनी निवडलेल्या मुलांमुळे.

यावरून शाळा म्हणजे काहीच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९६६ च्या अमेरिकेतल्या कोलमन अहवालापासून पुन्हापुन्हा दिसले आहे, की इमारत आणि साधने यांच्यापेक्षा घराचा प्रभाव मोठा असतो. पण पुढच्या संशोधनाने हेही दाखवले, की शिक्षकाशिक्षकांत फार मोठा फरक असतो आणि तो एकाच शाळेच्या दोन वर्गांमध्येही असतो. म्हणजे ‘शाळा कोणती’ यापेक्षा ‘वर्गावर कोण’ हा प्रश्न मोलाचा. माहितीपत्रकात याचे उत्तर नसते, कारण शिक्षक बदलतात आणि कमान बदलत नाही.

वही उघडून पाहा

मूल शिकते कसे, याचे मूळ यंत्र साधे आहे. ते काहीतरी करून बघते, चुकते, चूक कुठे झाली ते कोणीतरी दाखवते, ते पुन्हा करून बघते. हे चाक जितके फिरेल तितके शिकणे होते. पोहायला शिकवताना आपण मुलाला पोहण्यावर व्याख्यान देत नाही. पोटाखाली हात धरतो, पाय कसे मारतो ते बघतो, सांगतो, पुन्हा सोडतो. शाळेत हा पोटाखालचा हात म्हणजे वहीतली लाल शाई.

म्हणून शाळा बघायला गेलात तर संगणक कक्षाच्या आधी तिसरी-चौथीच्या चार वह्या मागा. शाळेने निवडून ठेवलेल्या नकोत, वर्गातल्या कोणत्याही चार. पानभर मजकुरावर एकच मोठी बरोबरची खूण आणि तारीख असेल तर चाक फिरलेले नाही. चुकलेल्या शब्दाखाली रेघ आहे, बाजूला काही सुचवले आहे आणि खाली मुलाने ते पुन्हा लिहिले आहे, असे दिसले तर तिथे कोणीतरी शिकवते आहे. सगळ्यांचे निबंध शब्दशः सारखे असतील तर ते फळ्यावरून उतरवलेले आहेत. शाळेच्या कामाचा याहून खरा पुरावा मला माहीत नाही.

आता हिशेब करा. एक वही नीट तपासायला तीन मिनिटे लागतात. वर्गात ४० मुले असली तर दोन तास. त्या शिक्षिकेकडे चार तुकड्या असल्या तर आठ तास, तेही एकदा तपासायला. रोज पाच-सहा तासिका घेऊन हे कधी करायचे? बरोबरची मोठी खूण इथून येते. बाईंच्या आळसातून नव्हे. म्हणून दर मुलामागे शिक्षक किती, हा पैशाचा सर्वांत चांगला उपयोग असतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. सीबीएसईचा नेम साधारणपणे तुकडीत ४० मुलांचा आणि दर तुकडीमागे दीड शिक्षकाचा. दीड लाख फी घेऊन वर्गात ४५ मुले बसवली असतील, तर पैसा कमानीत गेला असे खुशाल समजा.

शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचारावाच. महाराष्ट्रात १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आहे, त्यात खासगी शाळेच्या शिक्षकालाही वेतनाचे आणि नोकरीचे संरक्षण दिले आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दरवर्षी जूनला नवी नेमणूक आणि एप्रिलला निरोप असतो. ज्या शाळेत दरवर्षी तिसरा हिस्सा शिक्षक बदलतात, तिथे तुमच्या मुलाचे अक्षर, त्याची भीती, त्याची आवड ओळखणारे माणूसच उरत नाही. सरळ विचारा: या इमारतीत पाच वर्षांहून जास्त काळ असलेले किती शिक्षक आहेत? मुख्याध्यापकांनी नावे घेऊन उत्तर दिले तर समाधान माना.

माध्यमाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर घराघरांत आधीच वाद होऊन गेलेले असतात. घरात मराठी आणि शाळेत पहिल्या दिवसापासून सगळे इंग्रजीत, अशा मुलाच्या डोक्यावर दोन ओझी असतात: भागाकार समजून घ्यायचा आणि भागाकार सांगणारी भाषाही समजून घ्यायची. घरी इंग्रजी बोलणारे किंवा वाचून दाखवणारे कोणी असेल तर दुसरे ओझे हलके होते. नसेल तर मूल पाठांतराकडे वळते आणि सहावी-सातवीपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. इंग्रजी उत्तम यायलाच हवे. पण ते शिकवायला माध्यमच इंग्रजी हवे असे नाही. महागड्या शाळेत मराठीचे काय करतात, तेही बघा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. ती आठवड्यातून दोन तास उरकली जाते की खरोखर शिकवली जाते, हेही वहीच सांगेल.

चौकट: शाळा पाहायला जाल तेव्हा

सामान्य दिवशी, शक्यतो पावसाळ्यात जा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात.

वह्या, पुस्तक देवघेवीची नोंद आणि मुलांचे स्वच्छतागृह, या तीन गोष्टी स्वतः पाहा.

विचारा: पाचवीतली किती मुले याच शाळेतून दहावीला बसली? वर्गात प्रत्यक्ष किती मुले? गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले?

मंडळाचा संलग्नता क्रमांक आणि यूडायस क्रमांक लिहून घ्या.

गेल्या चार वर्षांची फी लेखी मागा. बस, पुस्तके, गणवेश, सहली, ‘उपक्रम शुल्क’ वेगळे काढून.

सुटीच्या वेळी फाटकाबाहेर दहा मिनिटे उभे राहा. बाहेर पडणाऱ्या मुलांचे चेहरे पाहा, त्यांच्या पालकांशी बोला.

दहा वर्षांचा खर्च, आणि पाचशे तास

फी आपण एका वर्षाची बघतो, भरायची असते दहा वर्षांची. समजा पहिलीला वर्षाला १ लाख ५० हजार रुपये आहेत आणि फी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते. दहावीला तुम्ही सुमारे ३ लाख ५४ हजार भरत असाल. दहा वर्षांची बेरीज २३ लाख ९० हजारांच्या आसपास जाते, आणि यात बस नाही, पुस्तके नाहीत, शिकवणी नाही. पहिल्या वर्षाच्या फीला शाळेच्या २०० दिवसांनी भागले तर रोजचे ७५० रुपये होतात. मूल संध्याकाळी घरी आले की आजच्या ७५० रुपयांत काय झाले, असे मनाशी विचारून बघायला हरकत नाही.

फी ठरवण्याचा कायदा आपल्याकडे आहे: महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. शाळा कोणत्याही मंडळाची असो, व्यवस्थापनाला फीचा प्रस्ताव नवे वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. एकदा ठरलेली फी दोन वर्षे बदलता येत नाही. देणगी किंवा प्रवेशासाठी वेगळी रक्कम घेणे १९८७ पासून गुन्हा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही; पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. अल्पसंख्याक संस्थांना मात्र शिक्षण हक्क कायदा लागू नाही, हे ध्यानात असू द्या.

याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आपल्या वाड्यांवरच्या कातकरी आणि ठाकर कुटुंबांना हे सांगणारे कोणी हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने यातून बऱ्याच खासगी शाळांना वगळणारा बदल केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. फुकट शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीची तजवीज आधी विचारात घ्यावी.

पैशांइतकाच वेळ मोजा. पळसदरीहून पनवेलकडच्या शाळेत जायला सकाळी सव्वा तास आणि यायला सव्वा तास धरला तर २०० दिवसांचे ५०० तास होतात. रोज पाच तासांच्या शाळेचे हे १०० दिवस झाले. सहा वर्षांचे मूल पहाटे साडेपाचला उठवायचे, बसमध्ये डुलक्या घेत जाऊ द्यायचे आणि मग पहिल्या तासाला लक्ष दे म्हणायचे. मुलांच्या झोपेचा विचार करूनच राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. नऊची शाळा असली तरी सातची बस असेल, तर तो निर्णय तुमच्या घरापर्यंत पोचलेला नाही.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. ऑगस्ट २०२४ मध्ये याच कर्जत मार्गावरच्या बदलापुरात शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, त्यानंतर राज्याने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असणाऱ्या सखी सावित्री समितीबद्दलचे आदेश पुन्हा कडक केले. समितीत कोण आहे, कॅमेऱ्याचे चित्रण कोण बघते, बसमध्ये मदतनीस बाई शेवटचे मूल उतरेपर्यंत असते का, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय फॉर्म भरू नये. फी कितीही असली तरी ही उत्तरे आपोआप मिळतील असे धरून चालू नका.

महागडी शाळा केव्हा घ्यावी

काही परिस्थितींत जास्तीची फी सार्थकी लागते. मुलाला वाचनात अडचण आहे, ऐकू कमी येते, एका जागी बसवत नाही, आणि त्या शाळेत प्रशिक्षित विशेष शिक्षक खरोखर आहे. दोन्ही पालक रात्री आठच्या लोकलने परततात आणि शाळा संध्याकाळपर्यंत मुलाला चांगले सांभाळते. मुलाला पोहण्यात किंवा संगीतात असाधारण गती आहे आणि तिथे तसा गुरू आहे. या तिन्हींत तुम्ही विशिष्ट मुलाच्या विशिष्ट गरजेसाठी पैसे देत असता.

पण शेत विकून, सोने गहाण टाकून किंवा आजीच्या औषधांच्या पैशात ओढाताण करून महागडी शाळा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या ओढाताणीने पुढचे इंजिनच दमते. घरात रोज पैशाची चिंता, मुलावर ‘तुझ्यासाठी एवढे केले’ याचे ओझे, आणि बारावीनंतर खरा मोठा खर्च येतो तेव्हा हात रिकामे. जवळच्या बऱ्या शाळेत घालून रोज रात्री अर्धा तास मुलासोबत मोठ्याने वाचणारे घर पुष्कळ मोठा घाट चढवते.

शाळा कोणतीही घेतलीत तरी जूनमध्ये एक काम राहते. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत प्रत्येक खासगी शाळेला पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. फीचा प्रस्ताव मान्य करायचा की नाही, हे याच समितीपुढे येते. बहुतेक पालक तिथे नावच देत नाहीत. तुम्ही द्या.